हाड दुखते, पोट दुखते : एका दुहेरी आजाराची ओळख

या वर्षीच्या वार्षिकांकासाठी साहित्य द्यावे अशी सूचना फलकावर लागली, तेव्हा आमच्या वर्गातील बहुतेकांनी कविता दिल्या. मीही कविताच लिहायला बसले होते. परंतु गेली साडेतीन वर्षे जो विषय आमच्या घरात रोज जेवणाच्या ताटाशी येऊन बसतो, तो सोडून पावसावर आणि चांदण्यावर लिहिणे मला जमेना. म्हणून मराठीच्या सरांना विचारले, "सर, आजारावर लिहिले तर चालेल का?" सर म्हणाले, "समजून घेऊन लिहिलेस तर अवश्य चालेल." त्या एका वाक्याच्या आधारावर हा लेख लिहिण्याचे धाडस करीत आहे.

प्रारंभीच सांगते, मी कला शाखेची विद्यार्थिनी. शास्त्र विषयाशी माझा संबंध दहावीपर्यंतच. आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिली. त्यामुळे दवाखान्याचा कोणताही कागद घरात आला की तो माझ्याच हाती येतो. "वाच व बाई, काय लिवलं हाय थे," असे आई म्हणते आणि मी वाचते. वाचता येते म्हणजे कळते असे नव्हे, हे मला फार उशिरा उमगले. पुढे जे लिहिले आहे ते डॉक्टरांना पुन्हा पुन्हा विचारून, वहीत टिपून आणि ग्रंथालयात बसून समजून घेतलेले आहे.

माझी धाकटी बहीण आज तेरा वर्षांची आहे. सेलू तालुक्यात आमचे गाव. साडेतीन एकर कोरडवाहू शेती, त्यात कापूस, तूर आणि सोयाबीन. ती दहा वर्षांची असताना तिचा उजवा घोटा दुखू लागला. दिवसा खेळे, रात्री मात्र रडत उठे. सकाळी काही वेळ पाय ओढत चाले. आजी म्हणाली, "वाढीचं दुखणं हाय, तेल चोळजो." तेल चोळून झाले. शेजारच्या गावच्या हाडवैद्याकडे नेऊन झाले. कोणी नजर काढली. तीन महिन्यांनी गळ्याखालच्या, खांद्याकडे जाणाऱ्या हाडावर लिंबाएवढी गाठ आली. तेव्हा बाबांनी कापूस विकून हाती आलेले पैसे खिशात घातले आणि आम्ही एस.टी.ने शहर गाठले.

पहिल्या डॉक्टरांनी क्ष-किरण फोटो पाहून हाडात पू झाला असावा असे सांगितले. जंतुनाशक औषधे दिली. सहा आठवडे औषधे घेऊनही गाठ तशीच राहिली. दुसऱ्या डॉक्टरांनी हाडाचा क्षय असावा असे निदान केले. हातावर टोचून करतात ती मांटू चाचणी तिच्या बाबतीत चांगली फुगली होती. नऊ महिने क्षयाची औषधे चालली. लघवी लाल होई, गोळ्या पाहूनच तिला उमासे येत. घोटा मात्र दुखतच राहिला आणि पुढे दुसरा पायही दुखू लागला.

येथे थोडे थांबून त्या डॉक्टरांची बाजू मांडणे मला आवश्यक वाटते. क्षयाचा जंतू हाडात शिरतो हे वैद्यकाला फार पूर्वीपासून माहीत आहे. क्षयाने पाठीचा कणा वाकतो त्या रोगाचे वर्णन लंडनच्या पर्सिव्हल पॉट यांनी १७७९ साली केले. जर्मनीच्या रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी क्षयाचा जंतू शोधल्याचे जाहीर केले. आज जगातील क्षयरोग्यांपैकी सुमारे एक चतुर्थांश एकट्या भारतात आहेत. अशा देशातील डॉक्टरांच्या पुढे हाडाची जुनी सूज आली, तर त्यांच्या मनात प्रथम क्षय यावा हे साहजिकच आहे. मांटू चाचणी फुगली म्हणजे तो जंतू कधीतरी शरीरात येऊन गेला असावा एवढेच कळते. आत्ताचे दुखणे त्याचेच आहे हे त्यावरून सिद्ध होत नाही. हा फरक आम्हांला तेव्हा ठाऊक नव्हता आणि आम्ही विचारलाही नाही.

मोठ्या दवाखान्यात गेल्यावर हाडाचा छोटासा तुकडा काढून तपासला. त्यात सूज होती, परंतु जंतू नव्हता. क्षयाचा नाही आणि पुवाचाही नाही. तिथे आम्ही पहिल्यांदा एक लांबलचक नाव ऐकले. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला सी.आर.एम.ओ. म्हणतात. मराठीत सांगायचे तर, हाडांमध्ये अनेक ठिकाणी पुन्हा पुन्हा उद्भवणारी जुनाट सूज. यालाच जंतुविरहित अस्थिदाह असेही म्हणता येईल. झुरिकच्या आंद्रेस गिडियॉन या क्ष-किरणतज्ज्ञांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ साली या रोगाचे वर्णन प्रथम केले. डावीउजवीकडे जोडीने येणारी, जंतू न सापडणारी अशी हाडांची सूज त्यांना मुलांमध्ये दिसली होती.

हा आजार बहुधा सात ते बारा वर्षांच्या सुमारास सुरू होतो आणि मुलांपेक्षा मुलींत अधिक आढळतो. लांब हाडांची टोके, जेथून हाड वाढते, तेथे तो विशेष दिसतो. नडगी, मांडी, गळ्याखालचे हाड, कंबरेचे हाड, पाठीचे मणके, जबडा ही त्याची आवडती ठिकाणे. वेदना रात्री वाढते. ताप असतोच असे नाही. रक्ताचे अहवाल पुष्कळदा जवळजवळ निर्दोष येतात, त्यामुळे मूल 'नाटक करते' असा समज होतो. जर्मनीत झालेल्या एका पाहणीत दरवर्षी दहा लाख मुलांमागे सुमारे चार मुलांत हा आजार नव्याने आढळला होता. म्हणजे तो विरळाच. पण विरळ आजार झालेल्या मुलाला तो संपूर्णच झालेला असतो, हे मी घरात पाहिले आहे.

सर्वांगाचा एमआरआय काढला तेव्हा आणखी एक गोष्ट कळली. जेथे दुखत नव्हते तेथेही सूज होती. पाठीच्या एका मण्यात ती होती. अशी सूज दुर्लक्षिली तर मणका दबू शकतो. म्हणून एकच हाड दुखत असले तरी सगळे शरीर पाहावे लागते.

वाचकहो, येथवरची कथा हाडांची झाली. आता जी सांगायची आहे, ती सांगताना माझी लेखणी अडखळते. परंतु ती वगळली तर लेख लिहिण्यात अर्थ नाही.

क्षयाची औषधे चालू होती त्या काळात एके दिवशी आईला बहिणीच्या कपड्यावर रक्ताचा डाग दिसला. ती तेव्हा साडेअकरा वर्षांची होती. आईने मला बाजूला बोलावून हळूच सांगितले, "लहानी मोठी झाली व." आम्ही दोघींनी तिला कपडा कसा घ्यायचा ते दाखविले आणि विषय मिटला. बाबांपर्यंत तो गेलाच नाही, जाण्याचे कारणही नव्हते. पुढे आठ-आठ दिवसांनी रक्त दिसे. आई म्हणे, सुरुवातीला पाळी मागेपुढे होतच असते. पोटात दुखते असे ती सांगे, तेही आम्ही त्याच खाती जमा केले. ती काही बोलली नाही. असेच होत असेल असे तिला वाटले. तिला तरी कोणी सांगितले होते?

या चार महिन्यांत आम्ही दोनदा दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी विचारले, "भूक लागते का? शौचाला कसे होते?" कागद माझ्या हातात होते, म्हणून उत्तरही मीच दिले. बाबा शेजारी उभे होते, आजूबाजूला माणसे होती. मी म्हणाले, "सगळे ठीक आहे, फक्त हाडं दुखतात." हाडाच्या डॉक्टरांपुढे पोटाचे काय सांगायचे, असेही मला वाटले. महाविद्यालयात जाणारी मुलगी सोबत आहे, ती सांगते ते बरोबरच असणार, असे सर्वांनी धरून चालले.

मोठ्या दवाखान्यात इंटर्नशिप करणाऱ्या एक डॉक्टर ताई होत्या. त्यांनी बहिणीची उंची मोजली आणि शाळेचा गणवेश केव्हा शिवला ते विचारले. मी सांगितले, पाचवीत. ती तेव्हा सातवीत होती. दोन वर्षे एकच फ्रॉक तिला बरोबर येत होता आणि नवा शिवावा लागला नाही म्हणून आम्ही समाधान मानले होते! त्या ताईंनी मग बाबांना औषधाच्या खिडकीवर पाठविले, पडदा ओढला आणि मला नव्हे, बहिणीला विचारले, "पाळी येते का?" ती म्हणाली, "हो." "रक्त केव्हा येतं?" ती माझ्याकडे पाहून म्हणाली, "संडासले गेल्यावर."

तिला पाळी आलीच नव्हती. शौचातून रक्त जात होते.

त्यानंतरच्या तपासण्या भराभर झाल्या. आतड्यातील सुजेचे माप सांगणारी शौचाची एक तपासणी असते, तिला कॅलप्रोटेक्टिन म्हणतात. ते प्रमाण पुष्कळ वाढलेले निघाले. नंतर दुर्बिणीने मोठे आतडे पाहिले. आत जागोजागी व्रण होते. मधला भाग चांगला, पुन्हा व्रण, असा प्रकार. तेथील तुकडेही तपासले. निदान झाले क्रोन्सच्या रोगाचे.

आतड्याच्या जुनाट दाहाचे मुख्यतः दोन प्रकार आहेत. अल्सरेटिव्ह कोलायटिस हा मोठ्या आतड्याच्या आतील अस्तराला होतो. क्रोन्सचा रोग तोंडापासून गुदद्वारापर्यंत कोठेही होऊ शकतो आणि आतड्याच्या भिंतीत खोल जातो. न्यूयॉर्कच्या बरिल क्रोन, लिऑन गिन्झबर्ग आणि गॉर्डन ओपनहायमर यांनी १९३२ साली चौदा रुग्णांवरून याचे वर्णन केले, म्हणून क्रोन यांचे नाव त्याला पडले. त्याआधी १९१३ मध्ये ग्लासगोचे शल्यचिकित्सक डॅल्झील यांनी अशीच आतडी पाहिली होती. त्यांना ती गुरांना होणाऱ्या जोन्सच्या रोगासारखी वाटली. या रोगात गुरे महिनोन्‌महिने हगवणीने झिजतात. शेतकऱ्याच्या मुलीला हा इतिहास वाचताना जवळचा वाटला.

मुलांमध्ये हा रोग कधी कधी वाढीवरूनही ओळखू येतो. पोटदुखी, जुलाब, रक्त ही लक्षणे असू शकतात. परंतु वजन न वाढणे, उंची थांबणे, वयात येणे लांबणे, रक्त कमी होणे, तोंडात वारंवार फोड येणे, गुदद्वाराशी गळू होणे हीदेखील त्याचीच चिन्हे होत. आम्ही यांतील चार चिन्हे रोज पाहत होतो आणि प्रत्येकाला निरनिराळे कारण देत होतो.

येथेही क्षय आडवा येतोच. लहान आतडे मोठ्या आतड्याला जेथे मिळते तेथे क्षयाला बसायला आवडते आणि क्रोन्सलाही तेथेच. दोहोंत व्रण होतात, दोहोंत आतडे अरुंद होते. भारतात या दोन रोगांची ताटातूट करणे इतके अवघड होते, की दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील टंडन आणि प्रकाश यांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या आतड्यांचा अभ्यास करून दोहोंतील भेद मांडला. त्यांचा निबंधही १९७२ सालचाच. त्याच वर्षी झुरिकमध्ये हाडाचा हा रोग वेगळा ओळखला गेला आणि दिल्लीत आतड्याचा रोग क्षयापासून वेगळा काढण्याची खूण सांगितली गेली. माझ्या बहिणीला दोन्ही निबंधांची गरज पडली.

आता मुख्य प्रश्न. हाड कुठे, आतडे कुठे! एकाच मुलीला दोन्ही का व्हावेत? मीही डॉक्टरांना हेच विचारले. त्यांनी सांगितलेले मी आमच्या भाषेत मांडते.

आपल्याकडे रानडुकरांपासून पीक राखायला रात्री शेतात जागलीला जातात. डुक्कर आले की जागल्या ओरडतो, डबा वाजवतो, मग शेजारच्या शेतातील जागलेही उठतात. शरीरातही असे जागले आहेत. जंतू आला की ते एकमेकांना हाका घालतात. या हाका म्हणजे रक्तातील काही प्रथिने. इंटरल्यूकिन-१ आणि टीएनएफ ही त्यांतील दोन नावे. जंतू गेला की शांत राहा असे सांगणारीही प्रथिने असतात, इंटरल्यूकिन-१० हे त्यांपैकी एक. काही मुलांत हाका घालणारे जोरात आणि शांत करणारे क्षीण असतात. डुक्कर आलेले नसतानाच रान उठते. ज्या जागी हे होते तेथे सूज येते. कोणात ती हाडात येते, कोणात आतड्यात, कोणाच्या त्वचेवर सोरायसिस होतो किंवा तळहात-तळपायांवर पुटकुळ्या उठतात. काहींना यांतील दोन-तीन होतात. पुष्कळदा हाडाचे दुखणे आधी येते आणि आतड्याचे काही वर्षांनी उघडे पडते. म्हणून जंतुविरहित अस्थिदाह असलेल्या मुलाच्या पोटाची, वजनाची आणि उंचीची विचारपूस वर्षानुवर्षे करीत राहावी लागते.

आतड्यातील जंतूंची वस्ती आणि हाड यांचा संबंध उंदरांमध्ये दिसून आला आहे. मूळच्या तेलंगणातील आणि अमेरिकेत मेंफिस येथे संशोधन करणाऱ्या डॉ. तिरुमला-देवी कन्नेगंटी यांच्या प्रयोगशाळेचा एक निबंध २०१४ साली 'नेचर' या नियतकालिकात आला. जन्मतःच हाडांचा असा दाह होणाऱ्या उंदरांना निराळा, अधिक स्निग्ध आहार दिला, तेव्हा त्यांच्या आतड्यांतील जंतूंची वस्ती बदलली आणि हाडांच्या रोगापासून त्यांचे रक्षण झाले. हा प्रयोग उंदरांवरचा आहे. त्यावरून कोणी मुलांना तूप पाजू नये. परंतु पोटातील घडामोडीची बातमी हाडापर्यंत जाते, एवढे त्यावरून निश्चित कळते.

दुसरे उदाहरण मला अधिक आवडले, कारण ते एका स्त्रीचे आहे. स्वीडनच्या डॉ. नॅना स्वार्ट्झ यांनी सांधेदुखीवर औषध शोधायला घेतले आणि त्यातून सल्फासलाझिन तयार झाले. १९४० च्या सुमारास ते सांधेदुखीच्या रुग्णांना दिले, तसेच आतड्याच्या दाहाच्या रुग्णांनाही दिले, आणि आतड्याच्या रुग्णांना त्याने चांगला गुण आला. ते औषध आजही वापरात आहे. सांधा आणि आतडे यांचे नाते त्या बाईंनी ऐंशीहून अधिक वर्षांपूर्वी हेरले होते.

दोन आजार एकत्र असले की उपचाराची मोठी अडचण होते. हाडाच्या या रोगावर प्रथम नॅप्रॉक्सेनसारखी वेदनाशामक, सूज कमी करणारी औषधे देतात आणि ती अनेक मुलांना पुरतातही. परंतु हीच औषधे आतड्याचा दाह चाळवू शकतात. बहिणीला हाडासाठी अशा गोळ्या चालू होत्या. पोटाचे आधी सांगितले असते तर त्या विचारपूर्वक दिल्या गेल्या असत्या. आतड्याच्या दाहावर स्टिरॉइड देतात, त्याने रक्त थांबते. परंतु ते दीर्घकाळ चालले तर हाडे ठिसूळ होतात आणि वाढ खुंटते. आधीच आजारी असलेल्या हाडांना ते कसे परवडावे? एकाचे औषध दुसऱ्याचे वैरी, असा हा प्रकार आहे. म्हणून हाडाचे, पोटाचे आणि मुलांचे डॉक्टर यांनी एकत्र बसून ठरवावे लागते.

बहिणीला प्रथम दोन महिने केवळ पातळ पोषक आहार दिला. क्रोन्सच्या रोगात मुलांना सहा ते आठ आठवडे फक्त असा आहार दिल्याने पुष्कळांची सूज स्टिरॉइडविना उतरते. ऐकायला सोपे वाटते. पण घरात पोळ्यांचा वास सुटला असताना तिने पेल्यातील तेच पातळ औषधी दूध पिऊन बसणे फार कठीण होते. त्या दिवसांत आईने सणालासुद्धा पुरणाची पोळी केली नाही.

नंतर मणक्यातील सूज आणि आतडे या दोहोंसाठी टीएनएफची हाक दाबणारे इंजेक्शन सुरू झाले. या जातीच्या औषधांचा गुण असा, की ती हाडावरही चालतात आणि आतड्यावरही. मात्र त्यांची एक मोठी धास्ती आहे, आणि ती पुन्हा क्षयाचीच. क्षयाचा जंतू शरीरात निद्रिस्त असेल तर शरीर त्याच्याभोवती कुंपण घालून ठेवते. त्या कुंपणाचे काटे रोवण्याचे काम टीएनएफ करतो. तोच दाबला तर कुंपण ढिले पडते आणि आतला जंतू बाहेर येतो. २००१ साली अमेरिकेत इन्फ्लिक्सिमॅब या औषधानंतर क्षय झालेल्या सत्तर रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली, तेव्हापासून हे इंजेक्शन देण्याआधी क्षयाची तपासणी करणे सर्वत्र आवश्यक मानले जाते. आमच्यासारख्या मुलुखात तर ते फारच महत्त्वाचे. म्हणजे पाहा, जो क्षय तिला बहुधा झालाच नव्हता, त्याची भीती तिच्या प्रत्येक वळणावर उभी आहे.

ही औषधे पूर्वी परदेशी आणि अतिशय महाग होती. अडालिमुमॅब या औषधाची भारतीय आवृत्ती अहमदाबादच्या झायडस कॅडिला कंपनीने डिसेंबर २०१४ मध्ये बाजारात आणली, त्यानंतर किंमती उतरल्या. तरीही शेतकऱ्याच्या घरात त्याचा हिशेब क्विंटलमध्येच होतो. काही भार दवाखान्याच्या समाजसेवा विभागाच्या मदतीने हलका झाला. ती मदत मागण्यासाठी अर्ज लिहावा लागतो आणि तो मी लिहिला. बी.ए.च्या शिक्षणाचा घराला काय उपयोग, असे विचारणाऱ्या काकांना आईने तो अर्ज दाखविला.

आता थोडे गावाविषयी. क्षयाचे नाव निघाले तेव्हा बहिणीचे ताट-पेला वेगळे झाले. क्षय नाही हे कळल्यावरही कित्येक दिवस ते वेगळेच राहिले. आमचा जिल्हा सेवाग्रामचा. तेथील आश्रमात परचुरे शास्त्रींची कुटी आहे. त्या कुष्ठरोगी विद्वानाची शुश्रूषा गांधीजी स्वतः करीत, हे आम्हांला शाळेच्या सहलीत सांगितले होते. सहलीहून आलेल्या मीच घरात बहिणीचा पेला वेगळा धुतला. हाडाचा हा दाह किंवा क्रोन्सचा रोग एकापासून दुसऱ्याला लागत नाही. तो तिखट खाल्ल्याने होत नाही, पाणीपुरीने होत नाही, नजर लागून होत नाही, आणि कोणाच्या पापाने तर नाहीच.

बाबांना निराळी चिंता होती. "पोरीची जात हाय. लोकायले सांगू नोको," असे ते म्हणत. त्यांच्या मनात तिच्या लग्नाचा विचार होता. मी त्यांना दोष देत नाही. परंतु न सांगण्याचा त्रास तिलाच झाला. शाळेत तिला तासातून दोनदा बाहेर जावे लागे. कारण ठाऊक नसल्यामुळे बाई रागावत, मुली हसत. ती मग शाळेत पाणीच पीत नसे आणि डबा परत आणी. शेवटी बाबा स्वतः माझ्यासोबत मुख्याध्यापिकाबाईंना भेटले. बाबांनी तोंड उघडले नाही, मी सांगितले. बाईंनी तिला दाराजवळच्या बाकावर जागा दिली आणि न विचारता बाहेर जाण्याची परवानगी दिली. एवढ्या साध्या गोष्टीने तिची गैरहजेरी निम्म्यावर आली.

आज तिची स्थिती बरी आहे. गळ्याखालची गाठ बरीच ओसरली आहे. थंडीत पाय दुखतात, मध्येच एखादा आठवडा पोट बिघडते. हे दोन्ही आजार बरेच दिवस शांत राहतात आणि पुन्हा डोके वर काढतात, हे आम्ही आता धरून चालतो. एका वर्षात ती सहा सेंटिमीटर वाढली. यंदा नवा गणवेश शिवावा लागला. पैसे खर्च झाल्याचा एवढा आनंद आमच्या घरात पूर्वी कधी झाला नव्हता.

मित्रमैत्रिणींनो, आपल्यापैकी कितीतरी जण माझ्यासारखेच घरातील पहिले शिकलेले आहात. आईवडिलांना, आजीला, भावंडांना घेऊन दवाखान्यात तुम्हीच जाता. म्हणून चार गोष्टी अनुभवाने सांगते. रुग्णाच्या वतीने स्वतः बोलण्याआधी रुग्णालाच बोलू द्यावे, मग तो लहान का असेना. हाडाच्या डॉक्टरांना पोटाचे आणि पोटाच्या डॉक्टरांना हाडाचे सांगावे. शरीर एकच आहे. शौच, लघवी, पाळी यांविषयी सांगायला संकोच वाटला तर कागदावर लिहून द्यावे. आणि मुलाची उंची दर सहा महिन्यांनी भिंतीवर रेघ मारून ठेवावी, तिला एक पैसा लागत नाही.

आमच्या घरात आता दाराच्या चौकटीजवळ अशा रेघा आहेत. दर रेघेपुढे तारीख लिहिण्याचे काम माझे. आणि दवाखान्याच्या वहीत पहिले पान बहिणीचे आहे. तेथे काय दुखते ते ती स्वतःच्या अक्षरात लिहिते, मी फक्त शुद्धलेखन तपासते.

लेख लांबला, त्याबद्दल क्षमा असावी. यातील एखादी ओळ कोणाच्या घरी उपयोगी पडली तर कविता न दिल्याची खंत मला राहणार नाही.